मगर खरी, गाव भलतंच : मराठी डिजिटल डेस्कला खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या आणि बातम्यांच्या संकेतस्थळांचे डिजिटल संपादक, उपसंपादक आणि रात्रपाळीतले सगळे सहकारी

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सांगली जिल्ह्यातून, कृष्णाकाठावरून लिहितोय. पुराच्या दिवसांत घरात शिरलेला साप, विहिरीत पडलेलं कोल्हं, ओढ्यात अडकलेली मगर अशा ठिकाणी वनखात्याच्या पथकाच्या हाताखाली जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. तुमच्याकडे मागणं एकच आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्ध्यावर सोडलंत तरी चालेल. पूर, वादळ, वणवा किंवा भूकंप झाल्यावर वन्यप्राण्याचा फोटो वा व्हिडिओ लावाल तेव्हा तो कुठला, कधीचा आणि कुणी टिपलेला, हे त्यावर लिहा. तिन्हींपैकी एक जरी गोष्ट कळत नसेल तर लावू नका.

'खोटं वाटलं की आम्ही लावतच नाही,' असं तुमच्यातले काही म्हणतील. पण आपत्तीच्या काळात प्राण्यांच्या बाबतीत 'वाटणं' पार कुचकामी ठरतं. २०१९ च्या जुलैत काझीरंगाचं बहुतेक रान पुराखाली होतं. तिथून बाहेर पडलेली एक वाघीण महामार्ग ओलांडून हरमतीतल्या एका दुकानवजा घरात शिरली आणि सरळ पलंगावर जाऊन झोपली. दिवसभर झोपली. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाच्या लोकांनी आणि वनखात्याने संध्याकाळी महामार्गावरची वाहतूक अडवली, फटाके वाजवले, तेव्हा कुठे ती उठून रानाच्या दिशेने गेली. ज्या चादरीवर ती झोपली होती ती जपून ठेवायचं घरमालकाने ठरवलं. पलंगावरच्या वाघिणीचा तो फोटो आज कुणी तुम्हाला नुसता पाठवला, तर तुम्ही हसून पुसून टाकाल. तो शंभर टक्के खरा आहे.

आपल्याकडचंच बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात, पलीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात, घराच्या छपरावर मगर बसलेली सापडली. ते खरं होतं. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर रात्री भर पावसात, रिक्षाच्या दिव्यांच्या उजेडात मोठी मगर चालत होती. तेही खरं. वाशिष्ठी आणि शिव नदीत मगरी आहेत हे चिपळूणकरांना कुणी सांगायला नको, पण मुंबईत बसून तो व्हिडिओ पाहणाऱ्याला ती कारागिरी वाटली असेल तर त्याला दोष देता येणार नाही. वडोदऱ्यात विश्वामित्रीला पूर आला की वस्तीतून मगरी उचलून न्याव्या लागतात, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशाने पाहिलं.

आता उलट बाजू. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडीच्या शेजारून पोहणारा शार्क तुम्ही पाहिलाच असेल. तो मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. थॉमस पेशाक या सागरी जीवशास्त्रज्ञ-छायाचित्रकाराने कयाक नावाच्या छोट्या होडीतल्या माणसाच्या मागे येणारा ग्रेट व्हाइट शार्क टिपला आणि २००५ साली तो फोटो 'आफ्रिका जिओग्राफिक' मासिकात छापून आला. कुणीतरी त्यातला मासा कापून पुराच्या रस्त्यावर चिकटवला. २०११ मध्ये आयरीन वादळानंतर तो पोर्तो रिकोत दिसला, २०१७ मध्ये हार्वेनंतर ह्यूस्टनमध्ये दिसला, मधल्या आणि नंतरच्या वादळांतही अधूनमधून हजेरी लावून गेला. मासा तोच, अंगाचा बाक तोच, फक्त शहर बदलतं.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स शहरात घरामागच्या साचलेल्या पाण्यात एक मोठा, शार्कसारखा मासा तडफडत पोहताना दिसला. व्हिडिओ पसरला आणि जाणकार म्हणवणाऱ्यांनी लगेच सांगून टाकलं की हा तोच जुना खोटा शार्क. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मात्र तो टिपणाऱ्याला शोधलं, कुठून आणि कधी टिपला ते तपासलं, आणि व्हिडिओ खरा निघाला. नुसतं बघून विश्वास ठेवणारे २०१७ मध्ये चुकले आणि नुसतं बघून अविश्वास दाखवणारे २०२२ मध्ये. मासा कसा दिसतो यावरून दोन्ही वेळा काहीच ठरलं नाही. ठरलं ते कुठे, कधी आणि कुणी यावरून.

खरा प्राणी थोतांड समजून सोडून देण्याची किंमतही मोठी असते. १३ जून २०१५ च्या रात्री जॉर्जियात तिबिलिसी शहरात व्हेरे नदीला पूर आला आणि प्राणिसंग्रहालय वाहून गेलं. चौकात फिरणारा पाणघोडा, त्याला भूल देऊन मागे ढकलणारी माणसं, हे फोटो जगभर गेले आणि ते खरे होते. मोकळं सुटलेलं धोकादायक जनावर आता उरलं नाही, असं काही दिवसांत अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आलं. १७ जूनला एका गोदामात वाघाने माणसाचा जीव घेतला. अशा वेळी 'सगळं खोटं, घाबरू नका' असं घाईने सांगणंही तितकंच बेजबाबदार असतं. तथ्यतपासणीच्या नावाखाली हे आपल्याकडे फार सर्रास होऊ लागलंय. लाल रंगात 'फेक' असा शिक्का मारला की काम संपलं!

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण त्यात फोटोला कुणी हातच लावलेला नसतो. २००४ च्या त्सुनामीनंतर ईमेलवरून विचित्र माशांचे फोटो फिरले. सुळेवाले, बिनखवल्यांचे, मेणासारखे वितळलेले. लाटेने समुद्राच्या तळातून किनाऱ्यावर फेकलेले जीव म्हणून आपण सगळ्यांनी ते डोळे विस्फारून पाहिले. मासे अस्सल होते. पण ते २००३ च्या मे-जूनमध्ये, म्हणजे त्सुनामीच्या दीड वर्ष आधी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी 'टांगारोआ' जहाजावरून टास्मान समुद्रात केलेल्या नॉरफांझ मोहिमेत जाळ्याने वर काढलेले होते. गळ्यापर्यंतच्या पाण्यातून हरणाचं पाडस एका हाताने वर धरून नेणारा मुलगाही असाच. आसामच्या पुरात तो 'आसामचा बाहुबली' होऊन फिरला. फोटो २०१४ चा, बांगलादेशातल्या नोआखालीचा. आणि आपल्या शेजारचं उदाहरण द्यायचं तर, २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनचं जंगल पेटलं तेव्हा निपचित पिल्लाला छातीशी धरून आक्रोश करणाऱ्या माकडिणीच्या फोटोने जग हळहळलं. ती माकडीण मध्य प्रदेशातल्या जबलपूरची, फोटो २०१७ चा. तिथल्याच छायाचित्रकाराने टिपलेला. आपल्याकडची लाल तोंडाची माकडं अ‍ॅमेझॉनमध्ये नसतात, एवढं एका जरी डेस्कवर कुणाला आठवलं असतं तर फोटो पुढे गेला नसता.

अशा फोटोंवर उलटा शोध घेतला, म्हणजे फोटोच टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधलं, की काम भागतं. गूगल लेन्स आहे, टिनआय आहे, व्हिडिओ असेल तर दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो शोधायचा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त एक सुचवतो : चिकटवाचिकटवीचा संशय असेल तर अख्खा फोटो शोधू नका. एकदा नुसता प्राणी कापून शोधा, एकदा नुसता रस्ता. शार्कच्या बाबतीत मासा एका देशाचा असतो आणि रस्ता दुसऱ्या.

पण शोधात काही सापडलं नाही तर? इथे आम्हा काठावरच्या लोकांचा उपयोग होऊ शकतो. प्राण्याची जात बघा. मगरीने तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरचा दिसत नाही, वरच्या जबड्याखाली झाकला जातो. कृष्णेतली मगर म्हणून फिरणारं जनावर फ्लोरिडाचं आहे हे एवढ्यावरून कळू शकतं. बिबट्याच्या अंगावरची फुलं आतून रिकामी असतात, जग्वारच्या फुलांत बऱ्याचदा मधे ठिपके असतात आणि जनावर जास्त थोराड असतं. जग्वार भारतात नाही. अ‍ॅनाकोंडाही नाही, तरी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या मथळ्यात तो महाराष्ट्रात येऊन जातो. मग पाणी बघा. पुराचं पाणी गढूळ असतं. कृष्णेच्या पुरात हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. ज्या फोटोत शेपटीच्या टोकापर्यंत अख्खा प्राणी पाण्याखाली स्वच्छ दिसतो, तो प्राणी दुसऱ्या कुठल्या तरी पाण्यातून उचललेला असणार.

प्राण्याचं वागणंही बघा. पूर चढतो तेव्हा मगर मुख्य धारेत मिरवत नाही. जोराचा प्रवाह तीही टाळते. ओढ्यात, मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या, शेतात, उसात शिरते आणि पाणी ओसरलं की तिथल्याच एखाद्या डबक्यात अडकते. धोका पूर चढताना असतो, त्यापेक्षा तो उतरल्यावर, लोक चिखल काढायला घरी परतात तेव्हा जास्त असतो. भिलवडी, औदुंबर, अंकलखोपच्या माणसाला हे अंगवळणी पडलेलं आहे. म्हणून ऐन पुराच्या मध्यावर लाटांवर उधळणारी मगर दिसली की आम्हाला आधी शंका येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने सोपे दिवस संपवले, हे मान्य. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेलिसा वादळ जमैकावर आदळलं, तेव्हा हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात फिरणाऱ्या शार्कचे व्हिडिओ लाखोंनी पाहिले. ते कुठल्याच कॅमेऱ्याने टिपलेले नव्हते, संगणकाने बनवलेले होते. अशा व्हिडिओत पाय जास्त असतात, पाट्यांवरची अक्षरं वेडीवाकडी असतात, असं सांगणारे लेख खूप आलेत. ते वाचा, पण त्यावर विसंबू नका. गेल्या वर्षी देवनागरी पाटी गिचमिड यायची, आता सुवाच्य येते. बनवणाऱ्याच्या चुका दर महिन्याला कमी होत जाणार, पण बनवलेल्या चित्रातलं ठिकाण पडताळता येत नाही, हे मात्र बदलणार नाही. कुठला घाट? घाटावर कुठलं देऊळ? मागचा पूल कुठला? पाठवणारा तिथे होता का, आणि त्याने त्याच वेळी काढलेला दुसरा फोटो आहे का? ज्याने खरोखर मगर पाहिलीय त्याच्या मोबाईलमध्ये तिचा एकच फोटो कधीच नसतो. हललेले, अंधारलेले, अर्धी मगर आणि अर्धा अंगठा आलेले पाच-सात असतात. ते मागा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतून तारीख-वेळेची मूळ नोंद गळून जाते, म्हणून मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. देणारा खरा असेल तर देतो.

खोट्या फोटोने वन्यजीवांचं भलं होतं, निदान लोकांचं लक्ष तरी जातं, असं म्हणणारे प्राणीप्रेमी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना मी हैदराबादकडे बोट दाखवतो. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांपैकी सुमारे शंभर एकरांवर बुलडोझर फिरले. तिथे हरणं आणि मोर खरोखरच होते. सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. पण त्याच वेळी बुलडोझरपुढे पळणाऱ्या हरणांची संगणकाने बनवलेली चित्रं पसरली आणि तेलंगण सरकारला ती पसरवणाऱ्यांविरुद्ध चौकशी लावायचं आयतं निमित्त मिळालं. तोडलेल्या झाडांपेक्षा बनवलेल्या चित्रांवर जास्त बोललं गेलं. खऱ्या हरणांची बाजू खोट्या हरणांनी कमकुवत केली.

आता तुमच्या एका सवयीबद्दल थोडं कडवट बोलतो. 'या व्हिडिओच्या सत्यतेची पुष्टी आम्ही करत नाही.' ही ओळ बातमीच्या तळाला, जिथपर्यंत कुणी पोचत नाही तिथे असते, आणि वर 'अंगावर काटा आणणारा थरार' असा मथळा. पुष्टी करत नसाल तर लावता कशाला? त्या ओळीने तुमचा वकील समाधानी होत असेल, पण तिचा काठावरच्या माणसाला काय उपयोग? तुमच्या चौकोनाचा स्क्रीनशॉट निघतो, त्यात चॅनेलचा लोगो येतो, ती ओळ येत नाही. गावातल्या ग्रुपवर तो 'टीव्हीवर दाखवलंय' म्हणून फिरतो. पुराच्या दिवसांत वनरक्षक मोजके, बोटी त्याहून मोजक्या. घाटाचं नाव घालून मगरीचा फोटो आला की कुणाला तरी तिकडे पाठवावंच लागतं, कारण खरं असलं तर? तो माणूस पोचतो तेव्हा तिथे मगर नसते, बघ्यांची झुंबड असते. पाणी चढत असताना घाटावर झुंबड. दुसऱ्या टोकाला, जिथे पाण्यातून खरंच काही वर आलंय, तिथे काठ्या आणि दगड घेऊन माणसं आधी पोचलेली असतात. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण दगडाला अनुसूची वाचता येत नाही.

दुसरी सवय 'प्रातिनिधिक छायाचित्रा'ची. गावात मगर दिसल्याची बातमी खरी असते, पण तिला लावलेला जबडा उघडा टाकलेला फोटो इंटरनेटवरून उचललेला असतो, बहुतेकदा परदेशातला. तुम्ही कोपऱ्यात बारीक 'प्रातिनिधिक' लिहिलेलं असतं. पुढच्या पावसाळ्यात तोच फोटो, ते बारीक अक्षर कापून, दुसऱ्या गावाच्या नावाने परत येतो. तेव्हा खोटा फोटो कुणी तयार केला म्हणायचं? 'संग्रहित' लिहिता त्याचंही तसंच. संग्रहित कधीचं? २००५ च्या पुराचं, २०१९ च्या की २०२१ च्या? सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी लागल्याचं जुनं दृश्य फिरवलंत तर ४५ फुटांची धोका पातळी गाठायच्या आधीच माणसं गाठोडी बांधू लागतात. साल लिहायला चार आकडे लागतात.

म्हणून काही ठोस गोष्टी, या पावसाळ्यापुरत्या करून बघा. ठिकाण, तारीख आणि टिपणाऱ्याचं नाव बातमीत खाली लिहू नका, फोटोच्या चौकटीत, मधोमध नसलं तरी कापता येणार नाही अशा जागी घाला. टिपणाऱ्याला नाव द्यायचं नसेल तर 'स्थानिक ग्रामस्थ, मूळ फाईल पाहिली' एवढं लिहा, तेही पुरेसं आहे. फोटो मिळत नसेल तर फोटोशिवाय बातमी द्या. नकाशा लावा, नदीच्या पातळीचा तक्ता लावा, लोक वाचतात. तालुक्याच्या वनक्षेत्रपालाचा नंबर तुमच्या प्रत्येक स्ट्रिंगरकडे, म्हणजे गावोगावच्या बातमीदाराकडे, पूर येण्याआधीच असू द्या. वनखात्याची 'हॅलो फॉरेस्ट' १९२६ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाची १०७७ ही मदतवाहिनी प्रत्येक अशा बातमीत छापा, म्हणजे वाचणाऱ्याला फॉरवर्ड करण्याशिवाय दुसरंही काही करता येईल. चुकलात तर दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात आणि मोबाईलवर त्याच टिंगटिंगीसह पाठवा. मूळ बातमी गुपचूप काढून टाकू नका, कारण तिचा स्क्रीनशॉट गावात राहतोच, आणि ती खोटी निघाल्याचं मात्र कुणाला कळत नाही.

यात तुमचे काही क्लिक जातील. दुसऱ्या चॅनेलने आधी लावलं म्हणून वरिष्ठ ओरडतील, हेही ठाऊक आहे. रात्रपाळीला एकटा मुलगा किंवा मुलगी बसवून त्याच्याकडून तासाला ठरावीक बातम्या काढून घेणारी पद्धत मी पाहिलेली आहे, आणि हे पत्र त्या मुलापेक्षा त्याच्या संपादकासाठी जास्त आहे. फोटो थांबवायचा अधिकार त्याला लेखी द्या. थांबवला आणि दुसऱ्याने लावला, तरी त्याला जाब विचारला जाणार नाही, हे त्याला आधी सांगून ठेवा.

आमच्या बाजूने मदत लागली तर आम्ही आहोत. कृष्णा, वारणा, पंचगंगा, वाशिष्ठी, सगळ्या काठांवर साप-मगरी ओळखणारी माणसं आहेत आणि त्यांना रात्री दोनला फोन आलेला चालतो. पुरात तसंही कुणी झोपत नाही.

आपला,
कृष्णाकाठचा एक प्राणीमित्र
जि. सांगली

ता. क. : पूर ओसरल्यावर घरांत, गोठ्यांत सापडणाऱ्या सापांत दिवड बरेच असतात. दिवड बिनविषारी आहे. त्याच्या बातमीला फणा काढलेल्या नागाचा फोटो लावू नका. तो पाहून लोक पुढचा दिवड दिसला की आम्हाला फोन न करता काठी उचलतात.